ॲडमिनची शाल

६ जानेवारी

नवीन वर्षाचे संकल्प सहा तारखेला लिहितोय. एक तारखेला सगळं जग लिहितं. मी जग नाही.

तीन गोष्टी. दाढी वस्तऱ्याने. कापड हाताने. सोशल मीडिया स्वतःच्या सर्व्हरवर. कारण तिन्हीचं एकच. जे आपल्या हातात असतं ते कोणी चोरून बघू शकत नाही.

ही वही शाईने लिहिणार. क्लाउडवर काही नाही. लिहून झालं की भोवती करडा धागा, माझ्या स्वतःच्या गाठीने. कोणी उघडली तर लगेच कळेल. घरात मी आणि बायको, दोघंच. संशयितांची यादी फार लांब नाही.

९ जानेवारी, सकाळ

वस्तरा सासऱ्यांचा. ते मागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी पडला होता. देताना म्हणाले, घ्या जावईबापू, या भामट्याने अर्धं आयुष्य माझं रक्त प्यायलं, आता तुमची पाळी. स्वतः टीव्ही बघत गालावर ट्रिमर फिरवतात. कीव आली.

पहिली दाढी. हनुवटीवर दोन, कानाखाली एक. तुरटी फिरवली. डोळ्यांत पाणी आलं ते तुरटीमुळे.

ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवला. साहेबांनी विचारलं का. प्रायव्हसी, म्हणालो.

(ऑफिसात माझं काम म्हणजे दुकानांच्या सवलत कार्डांवरून गिऱ्हाईक काय घेतं ते बघणं आणि पुढच्या महिन्यात काय घेईल ते दुकानाला विकणं. ते वेगळं. ते काम आहे.)

१७ जानेवारी

सर्व्हर सुरू. पुस्तकाएवढा डबा, चपलांच्या रॅकवर. नाव ठेवलं ‘खासगी’. बायको म्हणते ‘तो डबा’.

तिला नीट समजावलं. इथे एकच बलाढ्य कंपनी नसते. हजारो छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा माणूस वेगळा, आणि सगळे एकमेकांशी बोलतात. म्हणजे कोणीच कोणाचा मालक नाही. ती म्हणाली, आणि आपल्या डब्याचा? म्हणालो, मी ॲडमिन. ॲडमिन म्हणजे सेवक. बरं, म्हणाली, मग सेवका, इस्त्रीला प्लग लागला तर कुठला काढू?

सदस्य: मी, बायको, सासरे, ताई. ताई माझी मोठी बहीण, दुसऱ्या गावी असते. घरचा जुना ग्रुप मी हट्टाने बंद पाडला. ताई म्हणाली, छोट्या, तुझ्यासाठी येते, पण अक्षरं मोठी कर.

पहिल्या पानावर जाड अक्षरात नियम लिहिला. तुमचे खासगी संदेश फक्त तुमचेच.

सासऱ्यांची पहिली पोस्ट: सकाळचं ब्लडप्रेशर, मशीनच्या फोटोसकट, अख्ख्या जगाला. फोन करून धोका समजावला. म्हणाले, जावईबापू, माझं प्रेशर चोरून कोण काय करणार? फार तर त्याचं वाढेल.

लोक तयार नाहीत.

२८ जानेवारी

हातमाग आला. कला महाविद्यालयाने काढून टाकलेला. चांगला पलंगाएवढा आहे. जेवायचं टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या गॅलरीत ठेवल्या. हॉलला आता अर्थ आला.

शाल विणणार, बायकोच्या वाढदिवसाला. दहा एप्रिल. रंग करडा. विचारलं नाही. करडा सगळ्यांना शोभतो.

१ फेब्रुवारी

उभे धागे म्हणजे ताणा. एकेक धागा फणीच्या फटीतून ओवून घ्यायचा. एक चुकला की पुढचे सगळे चुकतात. यालाच साधना म्हणतात. दाढी: एक काप. प्रगती.

३ फेब्रुवारी

बायको मागापाशी येऊन उभी राहिली. काहीतरी सांगायचं होतं. थांब, मोजतोय, म्हणालो. थांबली. मग गेली. मोजणी चुकलीच. तिच्यामुळे.

८ फेब्रुवारी

ती हॉस्पिटलात लोकांना किती ऐकू येतं ते तपासते. काचेची बंद खोली, पेशंटच्या कानावर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. आज खुशीत होती. कोणी भरपाईसाठी बहिरा झालेला माणूस आला होता. एकही बटण दाबेना. मग म्हणे हिने माइक हळू हळू अगदी बारीक केला, चाचणीचे शब्द वाचता वाचता सहज म्हणाली, तुमच्या पॅंटची चेन उघडी आहे. त्याने खाली बघितलं.

म्हणालो, हे नैतिक नाही. त्याची संमती कुठे घेतलीस?

म्हणाली, पण बघितलं ना खाली.

तिच्या क्षेत्रात प्रायव्हसीचा विचार अजून पोचलेला नाही.

१५ फेब्रुवारी

आज सर्व्हरचा पहिला बॅकअप. घेतलेला बॅकअप उघडतो की नाही ते तपासावं लागतं. उघडला. आत नजर गेली.

तांत्रिक बाब लिहून ठेवतो. अशा सर्व्हरवर खासगी संदेशांना कुलूप नसतं. ॲडमिनला दिसतात. हे सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्या पहिल्या पानावर लिहायचं राहिलं इतकंच.

बायकोने ताईला लिहिलंय: बेसिनमधे रोज केस, वर साबणाचा थर. मी दात किचनमधे घासते.

ताईला सांगायची काय गरज? मला सांगायचं. असो. बेसिन घासून लखलखीत केलं. संध्याकाळी बायको बेसिनसमोर बराच वेळ उभी होती. कौतुकाने.

संकल्प: यापुढे बॅकअप न बघता घ्यायचा.

२२ फेब्रुवारी

बघितल्याशिवाय कसं कळणार नीट झालाय की नाही.

ताईच्या छातीत गाठ आहे. परवा तुकडा काढून तपासायला देणार. तिने बायकोला लिहिलंय, छोट्याला सांगू नकोस एवढ्यात, उगाच घाबरेल.

मी घाबरत नाही. पण मला सांगितलेलं नाही, म्हणजे मला माहीत नाही. फोन केला तर विचारेल, तुला कोणी सांगितलं. तिचा खासगीपणा जपायचा तर गप्प बसणं भाग आहे.

गप्प बसलो. आज विणायला जमलं नाही. आडवा धागा नेणारा धोटा सारखा हातातून सुटत होता. लाकूड गुळगुळीत आहे.

२४ फेब्रुवारी

चार वेळा बॅकअप घेतला.

१ मार्च

गाठ साधी निघाली. ताईने बायकोला लिहिलं, बायकोने खूप काय काय लिहिलं. मी बाथरूममधे जाऊन तोंडावर फेस लावून उभा राहिलो. बायको बाहेरून म्हणाली, संध्याकाळी कसली दाढी? म्हणालो, साधना.

मला अधिकृतपणे अजून काहीच माहीत नाही.

३ मार्च

बायकोला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलाने बोलावलंय. त्यांचा श्रवण विभाग हिच्या हाताखाली द्यायचाय. महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं. ताईला लिहिते: त्याला विचारायचं आहे, येतोस का. त्याचं काम काय, कुठूनही होतं. पण तीनदा सांगायला गेले, तीनदा मोजत होता.

तीनदा? वही उघडून बघितली. नोंद एकाच वेळेची आहे. अतिशयोक्ती.

ताईचं उत्तर: बस समोर आणि सांग, धागे गेले खड्ड्यात.

मी आज दिवसभर तयार होतो. माग सोडून सोफ्यावर बसलो, हात मोकळे. ती आली. म्हणाली, काय झालं, बरं नाही का? काही नाही म्हणालो. तू काही सांगणार होतीस का? तिने माझ्याकडे बघितलं. का विचारतोस? म्हणालो, सहज. तीही म्हणाली, मग काही नाही.

मी मन मोकळं ठेवलं होतं. तिने संधी घेतली नाही.

९ मार्च

बायको ताईला: ओट्याशी उभ्याने जेवायचा कंटाळा आला.

टेबल ओढून घेतलं, गॅलरीतल्या खुर्च्या पुसून आत आणल्या. मागाला खेटून बसावं लागतं, पण बसता येतं. जेवताना ती म्हणाली, आज खुर्च्या कशा आठवल्या? म्हणालो, नवऱ्याला कळतं. ती जेवायची थांबली. मग म्हणाली, हो का.

विणकामाने माणूस संवेदनशील होतो.

१३ मार्च

सर्व्हर दुपारभर बंद. इस्त्री. त्या वेळात काय काय झालं असेल कळायला मार्ग नाही.

१६ मार्च

फार महत्त्वाचं. बायकोने ताईला लिहिलंय: मला लहानपणापासून जांभळा रंग आवडतो. गडद, वांग्यासारखा. यांना कधी कळलंच नाही. कोणी मला जांभळी शाल दिली ना, तर मी कुठेच जाणार नाही.

तीनदा वाचलं. कुठेच जाणार नाही.

म्हणजे प्रश्न इतका सोपा होता. नोकरी नाही, शहर नाही, बेसिन नाही. रंग.

एक गोष्ट खटकली. ती मला कधी ‘यांना’ म्हणत नाही. ‘त्याला’ म्हणते. ताईशी बोलताना आदर वाढला असेल.

१७ मार्च

करडी शाल हातभर झाली होती. मागावरून कापली. कात्री लावताना वाईट वाटलं, पण मोठ्या गोष्टीसाठी छोटी गोष्ट सोडावी लागते. करडं सूत सगळं कचऱ्यात. एवढासा तुकडा ठेवला, या वहीच्या धाग्यासाठी.

ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं. तीन दुकानं फिरलो. गडद जांभळं सूत मिळालं, दुकानदार म्हणाला, साहेब, हा रंग कोणी नेत नाही, सगळाच घेऊन जा. घेतला.

मागावर चादर टाकून ठेवली. सरप्राइज.

२३ मार्च

नवा ताणा ओवून झाला. डोळे लाल, पाठ धनुष्य. दाढीत लक्ष नव्हतं, वरच्या ओठावर खोल गेला. सासऱ्यांना गल्लीत भेटलो. चेहऱ्याकडे बघून म्हणाले, काय हो, घरात भांडण की बाहेर? वस्तरा, म्हणालो. म्हणाले, त्याच्याशी समझोता करा, मी केला होता. ट्रंकेत टाकून.

२६ मार्च

बायको म्हणाली, चादरीखाली काय आहे? म्हणालो, तुझ्यासाठी. चारच दिवस थांब. म्हणाली, तोवर महिना संपतो. म्हणालो, माहीत आहे.

जीभ चावली. पण महिना संपतो हे कोणालाही माहीत असतं.

३० मार्च, संध्याकाळ

शाल वीतभरच झाली आहे, पण वेळ नाही. आजच दाखवायचं ठरवलं. ताजी दाढी केली, एकही काप नाही. पहिल्यांदाच. शुभ.

ती कामावरून आली. पर्स खांद्यालाच. मी चादर ओढली.

जांभळं. संध्याकाळच्या उजेडात फारच जांभळं.

ती बघत राहिली. पुढे होऊन बोटाने कापड दाबून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, जांभळा?

म्हणालो, मला वाटलंच तुला आवडत असेल. आतूनच वाटलं.

आतून, म्हणाली. दोनदा मान हलवली. मग बेडरूममधे जाऊन दार लावून घेतलं. चप्पलसुद्धा काढली नाही.

भारावली आहे. उद्या ती त्या हॉस्पिटलाला ‘नाही’ म्हणून कळवेल. मग मी म्हणणार, अगं, कसली नोकरी, मला सांगितलं नाहीस ते? आणि मोठ्या मनाने म्हणणार, तुला जायचं असेल तर जाऊ आपण. वाक्य दोनदा म्हणून बघितलं. चांगलं वाटतं.

३१ मार्च

सकाळचा बॅकअप. बायकोचा संदेश. ताईच्याच नावे पाठवलेला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो, पुरावा म्हणून.

“ताई, हे तुमच्यासाठी नाही. हे वाचणाऱ्यासाठी आहे. जांभळा मला सहनच होत नाही. शाळेत गणवेश होता तो. बेसिन घासलंस तेव्हा वाटलं, चला, सुधारला. खुर्च्या आल्या तेव्हा वाटलं, बघू या. म्हणून आवाज अगदी बारीक केला आणि जांभळा म्हटलं. तू खाली बघितलंस. मी समोर उभं राहून बोलले तेव्हा तुला ऐकू आलं नाही, आणि दाराआडचं सगळं ऐकू येतं. तुला विचारायचं होतं, येतोस का. आता विचारत नाही. मी हो कळवलंय.”

तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. हा सरळ सरळ सापळा. माझ्या सर्व्हरवर, माझ्या विजेवर, माझ्याविरुद्ध. पहिल्या पानावर नवा नियम टाकला: सदस्यांनी एकमेकांना फसवणारे संदेश लिहू नयेत.

टाकल्यावर लक्षात आलं, हा संदेश मी वाचला हे आता सगळ्यांनाच कळेल. काढला.

१ एप्रिल

ताईचा साधा फोन आला. सर्व्हरवरून नाही. मी आधीच सुरुवात केली, की हे तांत्रिक आहे, बॅकअप तपासावा लागतो, जगभर ॲडमिन हेच करतात. ती ऐकत होती. मग म्हणाली, छोट्या, माझ्या गाठीचंही वाचलंस?

म्हणालो, तुझा खासगीपणा जपायचा म्हणून बोललो नाही.

म्हणाली, मी दोन रात्री झोपले नाही रे. मला वाटायचं तुला माहीत नाही म्हणून तू फोन करत नाहीस. आणि तुला माहीत होतं.

मी सांगणार होतो, चार वेळा बॅकअप घेतला, तोंडाला फेस लावून उभा होतो. पण ते तांत्रिक नाही. सांगितलं नाही.

ताईने ठेवते म्हटलं आणि ठेवला.

४ एप्रिल

या नेटवर्कवर एक सोय आहे. सदस्याला आपलं खातं उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं. आपल्या जागी एक पाटी राहते: हे सदस्य इथून हलले आहेत. मीच बायकोला जानेवारीत अभिमानाने समजावलं होतं. तेव्हा वाटलं होतं ऐकत नाहीये.

बायकोची पाटी. ताईची पाटी.

५ एप्रिल

सासऱ्यांचीही पाटी. फोन केला. म्हणाले, मला तिथे अक्षरं मोठी दिसतात. पुढे म्हणाले, जावईबापू, माझं प्रेशर मी स्वतः दाखवत होतो. दाखवणं वेगळं आणि डोकावणं वेगळं. आणि मग म्हणाले, जेवलात का?

खरं तर हे तत्त्वाचं यश आहे. कोणीच कोणाला बांधलेलं नाही. प्रत्येक जण मोकळा. विकेंद्रीकरण म्हणतात ते हेच. माझ्या घरात पूर्ण झालं.

बॅकअप घेतला. मिनिटभरसुद्धा लागला नाही.

१० एप्रिल

तिचा वाढदिवस. ती सासऱ्यांकडे आहे, कामावर रुजू होईपर्यंत. शुभेच्छा लिहिल्या. पोचल्या नाहीत. तिने माझा अख्खा सर्व्हरच ब्लॉक केलाय. साधा फोन करता आला असता. तीनदा हातात घेतला. तीनदा ठेवला.

दाढी केली नाही.

१२ एप्रिल, रविवार

ती सामान न्यायला येणार, बरोबर सासरे.

सकाळी विचार केला. माझ्यावर आरोप आहे की मी वाचतो. ठीक. मग तिनेही वाचावं. हिशेब बरोबरीत येईल, आणि मी काय काय सोसलं तेही कळेल. धागा सोडला. वही टेबलावर उघडी ठेवली, तीन मार्चचं पान, पेन बाजूला. ती आल्यावर दूध आणतो म्हणून बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या दुकानात मुद्दाम रेंगाळलो. दुकानदार म्हणाला, दूध समोरच आहे. माहीत आहे, म्हणालो.

आलो तेव्हा वही बंद होती. टेबलाच्या एका कडेला नीट सरकवलेली, वर पेन. टेबल पुसलेलं.

विचारलं, वाचलीस?

ती बॅगेची चेन ओढत होती. वर न बघता म्हणाली, तुझी आहे ना ती.

एवढंच. सासऱ्यांनी बॅग उचलली. दारात म्हणाले, वस्तरा राहू दे तुम्हालाच. ती मागापाशी थांबली, जांभळ्या कापडाकडे बघितलं, म्हणाली, पूर्ण कर, सूत वाया घालवू नकोस. मी म्हणालो, थांब जरा. थांबली. मग गेली.

वहीला धागा बांधायला हवा. करडा तुकडा सापडत नाही, टेबल पुसताना गेला असेल.

जांभळा भरपूर आहे.